एका बोल्टाची मजुरी

मंडळी, आज विषय जरा तेलकट आहे. जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर नट-बोल्टवर काय लिहिणार, असे वाटणाऱ्यांनी (यात आमच्या घरचेही आले) थोडा धीर धरावा. तसाही आजचा विषय धीराचाच आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. जुनी गाडी भंगारात जाते ती दर वेळी इंजिन संपले म्हणून जात नाही. कित्येकदा एक बोल्ट निघाला नाही म्हणून जाते. आणि तो बोल्ट निघत नाही याला गंज जितका कारण आहे, तितकेच आपण गिऱ्हाईकही कारण आहोत. नव्या पार्टचे पैसे आपण मुकाट्याने मोजतो. पण जुना पार्ट वाचवण्यासाठी मेकॅनिकने घालवलेल्या वेळाचे पैसे द्यायची वेळ आली, की आपला हात खिशापर्यंत जात नाही. "एक बोल्ट तर काढला, त्याचे एवढे?" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे.

ज्यांना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी (माझ्या पुण्याच्या दोन्ही नाती, तुम्हीसुद्धा) थोडे समजावून सांगतो. बोल्ट ‘जाम’ होणे आणि बोल्ट ‘गोल’ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जाम होतो तो गंजाने. लोखंड गंजले की त्याचा जो तांबूस भुगा होतो, तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. बोल्टाच्या आणि नटाच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत हा भुगा फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. बोल्ट लोखंडाचा आणि ज्यात तो शिरतो ते इंजिन ॲल्युमिनियमचे असेल, तर आणखी कठीण. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, वर पाण्याची ओल, म्हणजे दोघांमध्ये बारीकशी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी बुरशीसारखी राख आट्यांत भरते. आपल्या नागपूरची हवा तर या कामाला फारच अनुकूल. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा उन्हाळ्यांत आट्यांमधले ग्रीस वाळून जाते, आणि जूनमध्ये पाऊस आला की त्याच कोरड्या आट्यांत पाणी शिरते. मग चार महिने गाडी ओलीच.

पण जाम झालेला बोल्ट अजून शाबूत असतो. त्याच्या डोक्याच्या सहा कडा जागेवर असतात. गोल होतो तो माणसाच्या हातून. पाना मापाचा नसला, किंवा मापाचा असूनही अर्धवट बसवून हिसका दिला, की पाना बोल्टाला फिरवण्याऐवजी त्याच्या कडा सोलून काढतो. एक हिसका, दोन हिसके, आणि षटकोनाचे वर्तुळ तयार! भूमितीच्या मास्तरांना जमणार नाही इतक्या झटपट.

म्हणजे बघा, गंज हा वयाचा दोष आहे. गोल बोल्ट हा घाईचा दोष आहे. आपण मात्र दोन्हींचे खापर गाडीच्या वयावर फोडतो.

मापाची गोष्ट निघाली म्हणून एक सांगतो. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाच्या परिसरात पूर्वी पांढऱ्या अम्बॅसडर गाड्यांच्या रांगा लागत. ही गाडी मुळात इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, त्यामुळे तिचे बरेच नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. एखाद्या बोल्टाचे डोके अर्ध्या इंचाचे असेल (आपले मिस्त्री ज्याला चार सूत म्हणतात), तर ते भरते 12.7 मिलिमीटर. आता हाताशी असलेला 13 नंबरचा पाना त्याला लावून पाहा. बसतो! फरक तीन दशांश मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. बोल्ट सहज निघणारा असेल तर काम होऊनही जाते. पण जाम असेल, तर तेवढ्या फटीतच कडा मरतात. अम्बॅसडर 2014 मध्ये बनायची बंद झाली. इंचाचे पाने त्याच्याही आधीपासून गॅरेजांतून नाहीसे होत चालले होते. माझ्या मते त्या गाड्यांच्या बोल्टांवर गंजापेक्षा 13 नंबरच्या पान्याने जास्त अत्याचार केले असतील.

आता आमच्या घरचे उदाहरण. आमची चेतक 1989 ची. बजाजची ही स्कूटर 1972 साली पुण्याला आकुर्डीत बनू लागली आणि राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन घरोघरी गेली. 2010 पर्यंत बजाजने पेट्रोलच्या स्कूटरी बनवणे बंद केले. हल्ली रस्त्यावर दिसते ती त्याच नावाची विजेवरची. आमची मात्र जुनीच, पत्र्याच्या अंगाची. अलीकडे ती उड्डाणपुलावर चढताना धापा टाकायला लागली. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर आतून काजळीने भरतो, म्हणजे तो काढून साफ करायचा. तासाभराचे काम.

गॅरेजमधल्या पोराने सायलेन्सरचा बोल्ट पाहिला. तो बोल्ट चाकाजवळ, खाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात, आणि शिरतो थेट इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये. पोराने स्लाइड पाना लावला. हिसका दिला. मग पान्याला लोखंडी पाइप अडकवून अंगाचा भार टाकला. मग उभा राहिला आणि म्हणाला,

"सर, बोल्ट गोल झाला जी. आता हे काही होत नाही. ड्रिल मारावं लागेल, आणि इंजिनचे आटे गेले तर माझ्यावर नाही. त्यापेक्षा देऊन टाका भंगारात."

पस्तीस वर्षांच्या गाडीचा निकाल दोन मिनिटांत लागला. मी गाडी ढकलत घरी आणली.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी उभी नोकरी काढली. नाव लिहायचे नाही अशी त्यांची अट आहे, म्हणून इथे नुसते दादा म्हणतो. दादांनी बोल्टावर बॅटरीचा उजेड टाकला, बोटाने चाचपले आणि विचारले,

"सर, कुठी जायची घाई आहे का तुम्हाले?"

मी म्हटले, "रिटायर माणसाला कसली घाई दादा?"

"मंग त्याले तेल पिऊ द्या. रातभर पिऊ द्या."

त्यांनी केलेले सगळे मी शेजारी स्टूल टाकून पाहिले. ते क्रमाने लिहितो, कारण ते लिहून ठेवण्यासारखे आहे.

आधी तारेच्या ब्रशने बोल्टाभोवतीची माती आणि सुटा गंज साफ केला. मातीवर तेल ओतले तर ते मातीच पिते. मग डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून थेंब थेंब सोडले. पूर्वी घरात रेशनचे रॉकेल असे, ते या कामाला उत्तम. आता बाजारात या कामाचे फवारे मिळतात. त्यातले डब्ल्यूडी-40 सगळ्यांच्या परिचयाचे. ते 1953 साली अमेरिकेत तयार झाले, मूळ काम धातूवरचे पाणी हटवण्याचे, आणि नावातला 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. एकोणचाळीस वेळा जमले नाही म्हणून त्या माणसांनी कारखाना भंगारात काढला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तेल सोडल्यावर दादांनी बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे ठोके दिले. जोराचे नाहीत, दारावर टकटक करावी तसे. त्या हादऱ्याने आट्यांतला गंज तडकतो आणि तेलाला आत वाट मिळते. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. पाना अजून हातात घेतलेलाच नव्हता!

मग कानस घेतली. गोल झालेल्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट घासून, एक नंबर लहान माप तयार केले. त्यावर सहा खाचांचा गोटी पाना हातोडीने ठोकून घट्ट बसवला. इथे एक बारकावा आहे. गोटी पाने दोन प्रकारचे मिळतात. बारा खाचांचा पाना पटकन बसतो, पण तो बोल्टाला कडांजवळच धरतो. सहा खाचांचा पाना सपाट बाजूंवर दाबतो. जुन्या बोल्टाला सहावालाच लावावा.

त्यानंतर दादांनी आमच्या सौ.कडे चहाचे मोठे पातेले मागितले. "चहा नाही वहिनी, नुसतं उकळतं पाणी द्या." ते पाणी बोल्टाभोवतीच्या ॲल्युमिनियमवर हळूहळू ओतले. ॲल्युमिनियम तापले की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणजे बोल्टाभोवतीचे भोक किंचित सैल होते. काही जण इथे गॅसची ज्योत वापरतात. दादांनी साफ नकार दिला. स्कूटरची पेट्रोलची टाकी सीटखाली, नळी तिथून खाली आलेली. टाकी काढून दूर नेल्याशिवाय ज्योत लावायची नाही, आणि पाण्याने होत असेल तर लावायचीच नाही.

आणि मग पाना फिरवला. कुठल्या दिशेने? घट्ट करायच्या! अगदी सुताभर. मी म्हटले, "दादा, उलटं होऊन राहिलं." ते म्हणाले, "एकदा हलला पाहिजे सर. कुठीबी हलू दे." आधी किंचित कसायचे, म्हणजे गंजाची पकड तुटते. नंतर सोडायचे. पाव फेरा सोडला की पुन्हा थोडा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा. एका दमात ओढला तर डोके तुटून दांडा आत राहतो, आणि मग खरेच ड्रिल आले. मग आधी मध्यभागी खूण ठोकणे, बारीक बिटाने सुरुवात करणे, उलट्या आट्यांचा काढणारा घालणे आणि तेही फसले तर लेथवाल्याकडे नेऊन नवे आटे पाडणे. पाइप लावण्यात धोका हाच. पान्याची लांबी दुप्पट झाली की जोरही दुप्पट होतो, पण बोल्टाची ताकद तेवढीच राहते.

एकदा किर्रर्र आवाज झाला आणि बोल्ट फिरला. सायलेन्सर साफ झाला. जागेवर नवा बोल्ट बसवताना दादांनी त्याच्या आट्यांना तांब्याचे ग्रीस लावले. साधे ग्रीस सायलेन्सरच्या उष्णतेने जळून जाते. "पुढच्या माणसाले शिव्या द्यायचं काम नाही पडलं पाहिजे," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

मी विचारले, किती द्यायचे? दादा म्हणाले, "बोल्टाचे वीस रुपये."

मंडळी, माझा मुद्दा या वीस रुपयांत आहे. दोन दिवस मिळून चार-पाच तास खर्च केलेला माणूस पैसे मागतो ते वस्तूचे, वेळाचे नाही. कारण वेळाचे पैसे मागता येतात अशी सवय आपण त्याला कधी लावलीच नाही. मी पाचशेची नोट पुढे केली तर ते संकोचून गेले. शेवटी रागावून द्यावी लागली, शाळेत मुलांना बक्षीस द्यावे तशी.

आता त्या गॅरेजच्या पोराचा विचार करा. मला त्याचा राग येत नाही. दुकानाचे भाडे आहे, समोर आठ गाड्या उभ्या आहेत, प्रत्येक गिऱ्हाईक घड्याळ पाहत उभे आहे. त्याने माझ्या एका बोल्टावर रात्रभर तेल सोडले असते आणि सकाळी बिलावर "बोल्ट काढण्याची मजुरी रु. 500" असे लिहिले असते, तर किती जणांनी ते मुकाट दिले असते? त्याच बिलावर "नवीन सायलेन्सर रु. 2000" लिहिले, तर कोणी चकार शब्द काढत नाही. मग तो हिसका देणारच. स्लाइड पान्याने सगळ्या मापांचे काम होते आणि वेळ वाचतो, मग तो तोच वापरणार. धीराला दर नाही आणि पार्टला दर आहे, अशा बाजारात धीर कोण शिकेल? आयटीआयमध्ये फिटर आणि मोटार मेकॅनिकचे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तिथे मुलगा कानस धरायला शिकतो. बाहेर येऊन सहा महिन्यांत कानस गंजते, कारण तिची मजुरी कोणी देत नाही.

या सगळ्याला आता सरकारी हिशेबही जोडला गेला आहे. 13 ऑगस्ट 2021 रोजी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. हे खाते आपल्याच नागपूरच्या खासदारांकडे, नितीन गडकरींकडे. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर तपासणी करून दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. दुचाकीचे त्याचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 300 चे 1000 रुपये झाले, आणि 20 वर्षांवरच्या दुचाकींसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते 2000 रुपये करण्यात आले. उलट गाडी मोडीत दिली तर नवी घेताना करात सवलत आहे. म्हणजे जुनी ठेवणे महाग आणि सोडणे स्वस्त.

या धोरणाला माझा सरसकट विरोध नाही. ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, चेसिस सडली आहे, धूर मर्यादेत येत नाही, ती रस्त्यावर नकोच. माझ्या चेतकचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्त आहे हे मला कळते, म्हणून ती फक्त भाजीबाजार ते घर एवढीच फिरते, आणि दर सहा महिन्यांनी पीयूसी होते. पण खासगी गाड्यांसाठी हे धोरणसुद्धा नुसते वय विचारत नाही, तपासणीचा निकाल विचारते. निकाल गाडीच्या प्रकृतीवर लागावा. कोणी तरी घाईत सोललेल्या बोल्टावर लागू नये, एवढेच माझे म्हणणे.

वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा हक्क असावा, अशी चर्चा जगभर आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती द्यावी हा त्यामागचा विचार. चांगलाच आहे. पण सुटे भाग आणि माहिती मिळूनही तो बोल्ट काढणारा हात उरला नसेल, तर त्या हक्काचे करायचे काय? हात टिकवायचे काम कंपनीचे नाही. ते गिऱ्हाईकाचे आहे.

मराठीच्या मास्तराला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्क्रूला आपला जुना शब्द पेच. फारसीतून आलेला, अर्थ पीळ, वेढा. आणि अडचणीलाही आपण पेचच म्हणतो. पेच पडतो, माणूस पेचात सापडतो. मात्र पेचाला आपल्या भाषेत क्रियापद आहे ते ‘सोडवणे’. पेच तोडला असे कोणी म्हणत नाही. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांच्या हातात कधी तरी जाम झालेला पेच आला असणार, असे मला उगाच वाटते.

असो. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांना तीन विनंत्या करतो. गाडी गॅरेजला नेण्याच्या आदल्या संध्याकाळी, जो बोल्ट खोलायचा असेल त्याच्यावर तेल स्वतःच सोडून ठेवा. त्याला मेकॅनिक लागत नाही. (ब्रेकच्या ड्रमवर, डिस्कवर किंवा टायरवर मात्र थेंबही जाऊ देऊ नका.) गाडी देताना "केव्हा मिळेल?" असे विचारण्याऐवजी "उद्या दिली तरी चालेल, पण बोल्ट सांभाळून काढा" असे म्हणा. आणि बिलात मजुरीचा आकडा पार्टच्या आकड्यापेक्षा मोठा दिसला, तर घासाघीस करण्यापूर्वी एकदा विचारा, की पार्ट वाचला का? वाचला असेल तर तो आकडा तसाच द्या.

आमच्या गल्लीतल्या दादांकडे आता शेजारच्या वस्तीतला एक मुलगा रविवारी सकाळी येतो. त्याच्या बाबांच्या जुन्या मोटारसायकलचा एक नट गोल झाला आहे. पहिल्या रविवारी दादांनी त्याला फक्त तारेचा ब्रश आणि तेलाची बाटली दिली आणि घरी पाठवले. मुलगा जरा हिरमुसला होता. पुढच्या रविवारी पुन्हा आला, तेव्हा बाटली रिकामी होती.